पडलेल्या भावाचे पाप कोणाच्या माथी?

१९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढली. मराठी वाचक त्या पुस्तकावर रडतो तो आईसाठी. पण ते घर खचते ते कर्जाने, हे बहुतेकांच्या लक्षात दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात येते. सावकाराचा माणूस वसुलीला दारात येतो आणि त्याची जीभ सैल सुटते. एका प्रकरणात तर कर्जाला थेट नरकाच्या पंक्तीला बसवले आहे. गोष्ट कोकणातली, काळही आधीचा; पण ती ज्या वर्षी लिहिली गेली ते वर्ष महत्त्वाचे आहे. तुरुंगाच्या भिंतीबाहेर शेतमालाचे भाव चार वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले होते. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात १९२९ च्या ऑक्टोबरात जे कोसळले त्याचा धुरळा गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत पोचला होता, आणि न्यूयॉर्क कुठे आहे हे ज्याला ठाऊक नव्हते असा शेतकरी त्यात गुदमरत होता.

नाशिकपासून वीसेक किलोमीटरवर, निफाड तालुक्यात, बाणगंगेच्या काठी ओझर आहे. (अष्टविनायकातला विघ्नहर ज्या ओझरला आहे ते जुन्नर तालुक्यातले. हे ओझर खंडेरावाचे, आणि १९६४ नंतर मिग विमानांचे.) महामंदीच्या काळात या तालुक्यातला शेतकरी गहू, बाजरी, हरभरा पिकवणारा, आणि इतर सगळ्यांसारखाच सावकाराचा देणेकरी. त्याच्या बाबतीत जे घडले त्याचे गणित तिसरीतल्या पोरालाही समजेल. समजा त्याने १९२८ मध्ये शंभर रुपये घेतले आणि पोत्याला दहा रुपये भाव होता, तर त्याच्यावर दहा पोत्यांचे कर्ज होते. भाव पाच रुपयांवर आला की तेच कर्ज वीस पोत्यांचे झाले. त्याने एक पैसा नवा उचलला नाही, जुगार खेळला नाही, दारू प्याला नाही. तो तिथेच, त्याच वावरात राबत होता; कर्ज मात्र दुप्पट झाले. व्याज तर अजून मोजलेच नाही.

सरकारचा शेतसारा रोखीत ठरलेला होता. भाव पडला म्हणून तो आपोआप उतरत नव्हता. सूट मिळाली तर मागून, झगडून, आणि सगळ्यांना नाही. वरून १९२७ मध्ये सरकारने रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्सांवर बांधून टाकला होता. हा दर चढा आहे, त्याने शेतमालाचे भाव दबतात, अशी ओरड तेव्हाच झाली होती आणि ती मंदीतही चालू राहिली. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णमान सोडले, सोन्याचा भाव चढला आणि गावोगावचे दागिने पेढ्यांवरून मुंबईच्या बंदरात आणि तिथून लंडनला निघाले. ते सोने कोणी हौसेने विकले नव्हते. बाईच्या अंगावरचे डोरले-पाटल्या हाच बहुतेक घरांचा विमा होता, आणि त्या वर्षांत तो मोडला गेला. सरकारी दृष्टीने हा व्यवहार साम्राज्याच्या तिजोरीला चांगलाच मानवला.

इथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो अर्थशास्त्राचा कमी, धर्माचा जास्त आहे. शेतकऱ्याने दिलेला शब्द शंभर रुपयांचा होता की दहा पोत्यांचा? जगाच्या बाजारात कुणीतरी कुठेतरी चूक केली आणि त्यामुळे शब्द पाळणे अशक्य झाले, तर शब्द मोडणारा पापी ठरतो का?

आपल्या परंपरेत याचे सरळ उत्तर नाही. असते तर बरे झाले असते. एका बाजूला ऋणाची कल्पनाच इतकी खोल रुजलेली की माणूस जन्मतो तोच देव, ऋषी आणि पितर यांचा ऋणी म्हणून. सावकाराचे कर्ज या पवित्र हिशेबात कधी मिसळले गेले ते कळतही नाही. कर्ज बुडवून मेलेला माणूस पुढच्या जन्मी धनकोच्या घरी दास किंवा गुरेढोरे होऊन राबतो, असे स्मृतिकार बजावतात. नारदस्मृती तर तपस्व्यालाही सोडत नाही: तो कर्जात मेला तर त्याच्या तपाचे पुण्य धनकोच्या खात्यावर जमा! बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य, फक्त ते जुगार-दारूसारख्या गोष्टींसाठी काढलेले नसावे. हा नियम पोथीत पडून राहिलेला नव्हता. इंग्रजी न्यायालयांनी तो कायदा म्हणून चालवला. मुंबई इलाख्यात १८६६ च्या कायद्याने मुला-नातवांची जबाबदारी त्यांना मिळालेल्या मालमत्तेपुरती आखली गेली. आणि केवळ धर्मकर्तव्य म्हणून मुलावर बापाचे कर्ज लादता येणार नाही हे देशाच्या कायद्यात यायला २००५ साल उजाडावे लागले; हिंदू वारसा कायद्याच्या ज्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क दिला तिच्यातच हे कलम आहे. मुलीच्या हक्काची चर्चा घराघरांत झाली; मुलाच्या सुटकेची कुणाला खबरही नाही.

वसुलीसाठी देवाला कामाला लावण्याची रीतही जुनीच. धनको देणेकऱ्याच्या दारात उपाशी बसे. तो मेला तर पाप देणेकऱ्याच्या डोक्यावर. ही धरणे धरण्याची पद्धत इतकी प्रचलित होती की १८६० च्या भारतीय दंड संहितेत दैवी कोपाची भीती घालून एखादी गोष्ट करायला लावणे हा गुन्हा ठरवताना उदाहरण म्हणून दिले होते ते याच धरण्याचे. आज धरणे धरून बसतो तो देणेकरी, जिल्हाधिकारी कार्यालयासमोर. बसणारा बदलला, आणि ज्याच्या दारात बसायचे तो मालकही बदलला.

दुसऱ्या बाजूला याच शास्त्राने सावकाराच्या हव्यासाला कुंपण घातले होते. दामदुप्पट हा त्यातला सगळ्यांत देखणा नियम: एका वेळी घ्यायचे व्याज मुद्दलाच्या वर जाऊ शकत नाही. शंभराचे दोनशे झाले की घड्याळ थांबले. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी हिंदू देणेकऱ्यासाठी तो पाळलाही. पण सावकार कायद्याच्या एक पाऊल पुढे असतो. व्याज थकले की तो नवे खत लिहून घेई. कालचे व्याज आजचे मुद्दल होई आणि दुपटीची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. शिवाय या शास्त्राचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकून ठेवता येत नाही. मनुस्मृतीने व्याजाचे दर वर्णानुसार सांगितले आहेत: ब्राह्मणाला महिना शेकडा दोन, क्षत्रियाला तीन, वैश्याला चार आणि शूद्राला पाच. ज्याच्याकडे सगळ्यांत कमी, त्याला सगळ्यांत महाग पैसा. कौटिल्य या बाबतीत अधिक रोखठोक वाटतो. त्याचा धर्म्य दर महिना सव्वा टक्का. रानावनातून जाणाऱ्या व्यापाऱ्याला दहा, समुद्रावर जाणाऱ्याला वीस. म्हणजे जोखीम जास्त तर व्याज जास्त. पण मग त्याच तर्काने पुढे विचारायला हवे: जोखमीची किंमत व्याजात आधीच घेतली असेल, तर जोखीम खरी ठरल्यावर नुकसान सगळे देणेकऱ्याचेच कसे?

हा प्रश्न महाराष्ट्रात एका माणसाने, तोही धनकोच्या बाजूने, मंदीच्या तीनशे वर्षे आधीच सोडवला होता. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, व्यापार होता, लोकांकडे येणे होते. १६३० च्या दुष्काळाने सगळे धुऊन नेले. पहिली पत्नी आणि मूल उपासमारीत गेले. पुढे त्यांनी येण्याची खतपत्रे इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. या कथेतला एक तपशील कीर्तनकार घाईत उरकतात. धाकटा भाऊ कान्होबा याच्या वाट्याचे कागद तुकोबांनी बुडवले नाहीत. निम्मे त्याला दिले आणि बुडवले ते आपल्या वाट्याचे. दुसऱ्याच्या पैशावर उदार होणे त्यांना मान्य नव्हते. इंद्रायणीत त्यांचे कागद दोनदा गेले. गाथा वर आली, खतपत्रे आली नाहीत. भक्तांना पहिला चमत्कार मोठा वाटतो. दुष्काळानंतरच्या देहूतल्या कुळांना दुसरा मोठा वाटला असेल.

तुकोबांनी जे केले त्याला कर्जमाफी म्हणायचे झाले तर तिची दोन लक्षणे नोंदवावी लागतात. बुडाला तो देणाऱ्याचा स्वतःचा पैसा. आणि ज्या आपत्तीने कूळ मेले तिनेच सावकारालाही होरपळले होते. वाईट वर्ष दोघांनी वाटून घेतले. सरकारी कर्जमाफीत यातले एकही लक्षण नसते. पण तिकडे वळण्यापूर्वी मंदीने मागे काय ठेवले ते पाहायला हवे, कारण आजचा सगळा संसार त्याच पायावर उभा आहे.

मध्यवर्ती बँकिंग चौकशी समितीने १९३०-३१ च्या सुमारास ब्रिटिश हिंदुस्थानातल्या ग्रामीण कर्जाचा अंदाज ९०० कोटी रुपये दिला. रिझर्व्ह बँकेच्या कृषी पत विभागाने १९३७ मध्ये तो १८०० कोटींवर नेला. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असल्या तरी दिशा लपत नाही. डिसेंबर १९३६ मध्ये शेजारच्या खानदेशात फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले आणि शेतीच्या कार्यक्रमात कर्जाचा बोजा हलका करण्याची मागणी आली. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई प्रांताने १९३९ मध्ये शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा केला. कर्ज तडजोड मंडळे नेमायची, सावकाराचा दावा तपासायचा, फुगवलेले व्याज छाटायचे, आणि शेतकऱ्याची फेडण्याची ऐपत पाहून हप्ते बांधायचे. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची होती. ‘किती लिहिले आहे’ या प्रश्नाशेजारी राज्याने ‘किती झेपेल’ हा प्रश्न मांडला. पुढे १९४६ चा सावकारी कायदा, १९७५ चा कर्जमुक्तीचा कायदा, २०१४ चा सावकारी नियमनाचा कायदा, ही सगळी त्याच झाडाची फांदी-फांदी वाढ आहे.

मंदीचे काही अनौरस वारसही आहेत. १९३२ मध्ये साखरेला आयातशुल्काचे संरक्षण मिळाले आणि धान्याला भाव नसताना ऊस हे एकच पीक पैसा देणारे उरले. वालचंद हिराचंदांचा रावळगावचा कारखाना १९३३ चा, नाशिक जिल्ह्यातल्याच मालेगाव तालुक्यातला. प्रवरेचा सहकारी कारखाना पुढे स्वातंत्र्यानंतर उभा राहिला, पण लोणीच्या विठ्ठलराव विख्यांनी सहकारी पतपेढी काढली ती १९२३ मध्ये, म्हणजे मंदीच्या फटक्याने सहकारी सोसायट्या थकबाकीत बुडाल्या तो काळ त्यांनी आतून पाहिला होता. साखरेने मराठा शेतकऱ्यातल्या एका थराला सावकाराच्या तावडीतून बाहेर काढले. त्याच साखरेने ऊसतोड मजुराला ‘उचल’ दिली: हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेले पैसे, जे कोयता चालवून फेडायचे आणि फिटले नाहीत तर पुढच्या हंगामात ओढायचे. एकाचे कर्ज सुटले ते दुसऱ्याच्या कर्जावर. सहकाराच्या इतिहासात हे पान फारसे कोणी उघडत नाही.

नाशिकमध्ये याच मंदीच्या वर्षांत दुसरेही काही चालू होते. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षे तेवत ठेवला. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. इतिहासात ही पाने धर्माच्या खात्यात आणि मंदी अर्थकारणाच्या खात्यात लिहिली जाते, पण १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणारा माणूस आणि येवल्याच्या मंचावरचा माणूस एकच होता. पैशाची परकीय चलनातली किंमत स्थिर ठेवण्यापेक्षा त्याची खरेदीची ताकद स्थिर असणे महत्त्वाचे, हा त्या ग्रंथातला आग्रह. पैशाचे मोल बदलले की जुने करार नव्याच कुणाला तरी लुबाडतात. आणि ज्याला जमीनच नाही त्याच्याशी करार होतो तो त्याच्या अंगमेहनतीचा. सालगड्याच्या कर्जाला तारण म्हणजे तो स्वतः. अशा माणसाला देवळाचे दार आणि सावकाराची वही ही एकाच वाड्याची दोन दालने वाटली, तर त्यात नवल ते काय?

त्याच काळात आणखी एक आवाज गावोगाव फिरत होता, तोही धर्माच्याच भाषेत. गाडगेबाबांचे बालपण मामाच्या घरी दापुऱ्यात गेले, आणि मामाची जमीन सावकाराने गिळलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. त्यांच्या कीर्तनात कर्ज हा विषय वारंवार येई. सण-लग्नासाठी कर्ज काढू नका, देवाला बकरे कापू नका, त्यापेक्षा पोराला शाळेत घाला. उपदेश शंभर टक्के खरा आणि त्याने अनेक घरे वाचली. तरीही त्याची एक मर्यादा आहे. लग्नाचे कर्ज टाळता येते. बियाण्याचे, बैलाचे, विहिरीचे टाळले तर शेतीच टळते. मंदीत बुडालेल्यांपैकी किती जण उधळपट्टीने बुडाले आणि किती भावाने, हे न विचारता सगळ्यांना एकच बोध ऐकवला की कर्जबाजारी माणूस आपोआप गुन्हेगार वाटू लागतो. बाबांचा हेतू तो नव्हता. समाजाने मात्र सोयीचे तेवढे उचलले. आजही शेतकऱ्याने आत्महत्या केली की कुजबूज सुरू होते ती ‘पोरीच्या लग्नात किती खर्च केला’ इथून. कांद्याला त्या वर्षी काय भाव होता हे नंतर विचारले जाते, विचारले गेलेच तर.

ओझरमध्ये कर्जाच्या या लाजेची तपासणी करायला एक फार चांगला आरसा आहे. गावाच्या कडेला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आणि वसाहत. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते, १९६३ मध्ये नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले आणि पाठोपाठ मिगचा कारखाना इथे आला. मिग गेले, सुखोई आले. २०१९ च्या जानेवारीत बातमी आली की हवाई दलाकडून येणे थकल्यामुळे या कंपनीला पगार करायला सुमारे हजार कोटी रुपये बँकेकडून उचलावे लागले. वर्तमानपत्रांत राजकारण झाले, आकडे उडाले. पण कंपनीच्या नैतिकतेवर कुणी बोट ठेवले नाही, आणि ठेवायचे कारणही नव्हते. ग्राहकाने वेळेवर पैसे दिले नाहीत म्हणून कर्ज काढावे लागले, त्यात कंपनीची काय चूक? अगदी बरोबर. मग कारखान्याच्या कुंपणाला लागून ज्याचे द्राक्षाचे वावर आहे, त्याच्या बाबतीत हेच वाक्य उच्चारायला जीभ का अडखळते? २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ-नियंत्रकाचा अंश सापडल्यावरून युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडले. त्या रसायनाच्या तपासणीबद्दल बागाईतदाराला आधी कुणी धड सांगितलेले नव्हते. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि लासलगाव-पिंपळगावचे लिलाव घसरले. बाग तीच, वावर तेच, मेहनत तीच. कर्ज मात्र पोत्यांत मोजले तर जड झाले.

हाच मुद्दा शरद जोशींनी या परिसरात सर्वांत धारदारपणे मांडला. नोव्हेंबर १९८० मध्ये उसाला टनाला तीनशे रुपये आणि कांद्याला भाव मागत शेतकऱ्यांनी नाशिक जिल्ह्यातले रस्ते आणि रेल्वे अडवली. पिंपळगाव बसवंतचे माधवराव मोरे आणि निफाडचे प्रल्हाद पाटील कराड हे जोशींबरोबर पुढे होते. ओझरजवळच्या खेरवाडीला पोलिसांच्या गोळीबारात दोन शेतकरी गेले. जोशींचा युक्तिवाद असा की सरकार धोरणाने भाव पाडते, म्हणून शेतकऱ्याचे कर्ज मुळातच त्याचे नव्हे. उलट सरकारच त्याचे देणे लागते. १९८८ मध्ये संघटनेने शेतकऱ्यांना कोर्टात नादारीचे अर्ज करायला लावले. देणेकऱ्याने लाज बाजूला ठेवून, कायद्याच्या चौकटीत, ‘मी फेडू शकत नाही आणि त्यात माझा दोष नाही’ असे उघडपणे म्हणणे ही सामान्य गोष्ट नव्हती. स्मृतिकारांचा बैलाचा जन्म तिथे कोर्टाच्या पायरीवर नाकारला गेला.

पण जोशींचे उत्तरही पुरे पडत नाही. सरकारच दोषी असेल तर सरकारने भरावे, इथपर्यंत ते येते. आणि सरकारने भरलेही. १९९० मध्ये दहा हजारांपर्यंतची माफी, २००८ ची देशव्यापी, २०१७ ची आणि २०१९ ची राज्याची. प्रत्येक वेळी कुणीतरी पात्रतेच्या रेषेच्या अलीकडे राहिला, कुणी पलीकडे. ज्याने बायकोचे दागिने मोडून मार्चअखेर हप्ता भरला होता तो मूर्ख ठरला. पुढच्या माफीची वाट पाहत वसुली थांबली, जिल्हा बँक थकबाकीत रुतली, आणि तिच्यातल्या ठेवी कुणाच्या? निवृत्त शिक्षकाच्या, सोसायटीच्या, दूध घालणाऱ्या बाईच्या. तुकोबांनी कान्होबाचा हिस्सा वेगळा काढला होता. इथे कान्होबाला कुणी विचारलेच नाही. शिवाय माफी ही कृपा असते, आणि कृपेची निवडणुकीत परतफेड अपेक्षित असते. म्हणजे ऋण फिटत नाही, फक्त धनको बदलतो. खंडेरावाला बोललेला नवस वाईट वर्षात चंपाषष्ठीला फेडता आला नाही तर ‘पुढच्या वर्षी’ म्हणून हात जोडता येतात. देव पात्रतेची यादी लावत नाही, की फलकावर आपला फोटोही छापत नाही.

मग न्याय कसा दिसतो? तो ओझरमध्येच पाहायला मिळतो, फक्त पैशात नाही, पाण्यात. दिंडोरी तालुक्यात कोलवण नदीवर वाघाड धरण आहे. त्याचा कालवा ओझरला येईपर्यंत शेपटाला पोचतो, आणि शेपटाच्या शेतकऱ्याला पाणी कागदावर मिळते हा राज्यभरचा अनुभव. समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी नव्वदीच्या सुरुवातीला इथे तीन पाणीवापर संस्था उभ्या केल्या: महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर. पुढे हे लोण सगळ्या प्रकल्पावर पसरले, कालव्याचा कारभार शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आला, आणि सिंचनाच्या व्यवस्थापनाचा २००५ चा राज्याचा कायदा झाला तेव्हा वाघाडचे उदाहरण समोर होते. संस्थेला पाणी घनमापाने मोजून मिळते. ऑक्टोबरच्या मध्याला धरणात किती साठा आहे ते पाहायचे आणि कोटा ठरवायचा. धरण निम्मे भरले तर कोटा प्रमाणात उतरतो, माथ्याचाही आणि शेपटाचाही. मला पूर्ण द्या, शेजाऱ्याचे बघून घ्या, असे म्हणायची सोय नाही. वाईट वर्ष आले की कुणी पापी ठरत नाही आणि कुणावर कृपाही होत नाही. तूट मोजली जाते आणि वाटली जाते. भांडणे होत नाहीत असे नव्हे. बैठकीत आवाज चढतात, पाळीवरून कुरबुरी होतात. पण भांडण तुटीच्या वाटपावर असते, माणसाच्या लायकीवर नसते.

धर्मशास्त्राला दामदुपटीत जे अर्धवट सुचले होते आणि तुकोबांनी एकट्याने जे करून दाखवले, ते इथे नियमात बसले आहे. विलक्षण हे की याच कोट्यावर उभ्या असलेल्या द्राक्षबागेचे पीककर्ज मात्र १९३१ च्याच तत्त्वावर चालते. पाण्याचा कोटा धरणाबरोबर उतरतो. हप्ता बाजाराबरोबर उतरत नाही. सवलतीचा एक दरवाजा आहे, पैसेवारीचा. पीक पन्नास पैशांच्या आत आले तर कर्जाचे पुनर्गठन होते, वसुली थांबते. ही इंग्रजी अमदानीतल्या आणेवारीची, म्हणजे दुष्काळाच्या हिशेबाची पोर. ती मोजते पीक. भाव ती मोजतच नाही. महामंदीत तर शेते पिकलेली होती. तेव्हाच्या आणेवारीला बहुतेक ठिकाणी काही बिघडले आहे असे दिसलेच नसते. आजही कांदा भरघोस आला आणि कवडीमोल विकला गेला, तर पैसेवारी पन्नासच्या वर आणि शेतकरी कर्जाच्या खाली.

भाव मोजता येत नाही असेही नाही. पिंपळगावच्या आणि लासलगावच्या बाजार समितीत रोज लिलाव पुकारला जातो, किमान, कमाल आणि सरासरी भाव रोज नोंदला जातो, संध्याकाळपर्यंत तो मोबाइलवर येतो. कर्ज घेताना असलेला भाव आणि हप्त्याच्या महिन्यातला भाव यांची तुलना करायला एक कारकून आणि एक दुपार पुरे. भाव ठरावीक टक्क्यांच्या खाली गेला तर हप्ता त्या प्रमाणात पुढे ढकलायचा, आणि भाव चढला तर प्रमाणात जास्त घ्यायचा. ही दुसरी अट शेतकरी संघटनांना आवडणार नाही, पण तिच्याशिवाय पहिलीला काही अर्थ उरत नाही. ठेवीदाराचा हिस्सा सांभाळायला तेजीच्या वर्षातून राखीव निधी काढावा लागेल, त्यात सरकारने आपला वाटा घालावा, कारण निर्यातबंदीचा शिक्का त्याच्याच हातात असतो. वाघाडच्या शेतकऱ्यांनी कोट्याची अशी शिस्त पाटबंधारे खात्याशी वर्षानुवर्षे झगडून मिळवली. बँकेच्या व्यवस्थापकासमोर ती मागणी घेऊन अजून कोणी बसलेले नाही. पीककर्जाचा करार आजही रुपयांत लिहिला जातो, आणि पोते त्यात कुठेच नसते.